समुद्राच्या पाण्याची क्षारता शाळेत कशी मोजावी: बाटली भरण्यापासून हिशेबापर्यंत

विज्ञान प्रदर्शनाचा हंगाम आला की बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी शाळांतून एक प्रकल्प हमखास मांडला जातो. सहल वेंगुर्ल्याला, कारवारला नाहीतर गोव्याला गेलेली असते आणि येताना मुलांनी समुद्राच्या पाण्याची बाटली भरून आणलेली असते. ते पाणी स्टोव्हवर आटवायचं, तळाला राहिलेली पांढरी पूड तोलायची आणि 'एवढ्या पाण्यात एवढं मीठ' असं तक्त्यावर लिहायचं. मी खानापूर तालुक्यातल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवतो आणि हा आकडा वर्षानुवर्षं चुकलेला बघतो. एका टेबलावर किलोमागे ४३ ग्रॅम, शेजारच्या टेबलावर २९. मुलं रात्र जागून पाणी आटवतात, म्हणून तो चुकीचा आकडा मला जास्तच लागतो. कशानंतर काय करायचं आणि का, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. ते इथे सविस्तर लिहितो.

सुरू करण्याआधी: बाटलीत नेमकं काय आहे

'समुद्राच्या पाण्यात मीठ विरघळलेलं असतं' या एका वाक्यातून बहुतेक चुका निघतात. मीठ म्हणजे सोडिअम क्लोराइड. समुद्रात ते सुट्टं नसतं. तिथे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, असतात, आणि त्यांतले सहा मिळून एकूण क्षारांचा ९९ टक्क्यांहून जास्त भाग होतो. क्षारता ३५ असलेल्या (म्हणजे किलोमागे ३५ ग्रॅम क्षार असलेल्या) एक किलो पाण्यात ते असे असतात:

क्लोराइड १९.३५ ग्रॅम
सोडिअम १०.७८ ग्रॅम
सल्फेट २.७१ ग्रॅम
मॅग्नेशिअम १.२८ ग्रॅम
कॅल्शिअम ०.४१ ग्रॅम
पोटॅशिअम ०.४० ग्रॅम

त्यानंतर बायकार्बोनेट, ब्रोमाइड, बोरॉनची संयुगं, स्ट्रॉन्शिअम, फ्लोराइड अशी थोडी थोडी मंडळी.

खुल्या समुद्रात पाणी कमी खारं असो वा जास्त, या आयनांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण जवळजवळ बदलत नाही. आपल्या सगळ्या कामाचा आधार हाच. प्रमाण ठरलेलं असल्यामुळे सगळे आयन मोजावे लागत नाहीत. एकटं क्लोराइड नीट मोजलं की बाकीचे हिशेबानं मिळतात.

क्षारता आपण दर हजारी लिहितो. हजारी ३५ म्हणजे एक किलो पाण्यात ३५ ग्रॅम क्षार, म्हणजेच ३.५ टक्के. तक्त्यावर '३५ टक्के' लिहिलेलं मी इतक्यांदा पाहिलंय की पहिली दुरुस्ती हीच सांगतो. पाण्यात ३५ टक्के क्षार असते तर त्यातलं मीठ तळाला खड्यांच्या रूपानं पडलेलंच दिसलं असतं, कारण मीठ पाण्यात साधारण २६ टक्क्यांपर्यंतच विरघळतं.

आटवून आकडा का येत नाही

हे आधी समजून घ्या, नाहीतर पुढची खटपट कशासाठी ते कळणार नाही.

पाणी आटत आलं की शेवटी मॅग्नेशिअम क्लोराइड उरतं. त्याचा एकेक रेणू पाण्याचे सहा रेणू धरून बसतो. एक किलो समुद्राच्या पाण्यातलं सगळं मॅग्नेशिअम असं पाणी धरून बसलं, तर नुसत्या या कारणानं वजन ५.७ ग्रॅमनं वाढतं. म्हणजे ३५ चे जवळपास ४१ झाले. त्यावर आपल्याकडची जुलैची हवा. नववीतल्या एका मुलीनं थाळी सकाळी तोलली तर ४१ आली आणि दुपारी पुन्हा तोलली तर ४३. ती रडवेली झाली, काटा बिघडलाय म्हणाली. काटा ठीक होता. थाळीतली पूड खानापूरच्या पावसाळी हवेतली ओल ओढत होती.

मग मुलं उलटं करतात: पूड पुरती कोरडी होईपर्यंत मोठ्या आचेवर तापवतात. तापल्यावर तेच मॅग्नेशिअम क्लोराइड फुटतं आणि त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते, नाकाला झोंबते. बायकार्बोनेटातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो. वर तडतडून मिठाचे कण थाळीबाहेर उडतात ते वेगळेच. २९ चा आकडा इथून येतो.

> इशारा: आटवलेल्या पुडीचं वजन क्षारता म्हणून लिहू नका. आटवण्याचा उपयोग वेगळा आहे, तो शेवटच्या टप्प्यात येईल.

टप्पा १: तयारी (सहलीच्या आठवडाभर आधी)

लागणाऱ्या वस्तू: ब्युरेट (खाली तोटी असलेली, मिलीच्या खुणांची लांब नळी), १० मिलीची पिपेट (ठरावीक पाणी उचलायची नळी), १०० मिलीचे दोन आणि २५० मिलीचे दोन मोजमापाचे फ्लास्क (लांब मानेचे, मानेवर एक रेघ असलेले), तीन शंकूपात्रं, गाळण कागद, थर्मामीटर आणि ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा. असा काटा शाळेत नसतो, सोनाराकडे असतो. गावातल्या सोनाराला आदल्या दिवशी जाऊन सांगितलं तर दुकानात गर्दी नसताना तो वजन करू देतो, असा माझा अनुभव आहे. काट्यावर जास्तीत जास्त किती वजन चालतं ते मात्र आधी विचारा.

रसायनं: सिल्व्हर नायट्रेट, पोटॅशिअम क्रोमेट आणि प्रयोगशाळेच्या दर्जाचं सोडिअम क्लोराइड. घरातलं मीठ चालत नाही. त्यात आयोडीनचं संयुग असतं, मोकळं राहावं म्हणून घातलेली पूड असते आणि ओलही असते.

ऊर्ध्वपातित पाणी (वाफ थंड करून मिळवलेलं शुद्ध पाणी) हवं, निदान दोन लिटर. ते मिळालं नाही तर गॅरेजमध्ये मिळणारं बॅटरीचं पाणी बहुतेक वेळा चालतं, पण तपासल्याशिवाय वापरू नका. माझ्या पहिल्या वर्षी मी इथेच चुकलो. समुद्राचं पाणी पातळ करायला शाळेच्या बोअरचं पाणी वापरलं आणि उत्तर वाढत का जातंय ते मला चार दिवस कळेना. हिशेब करून बघा: बोअरच्या पाण्यात लिटरला ३०० मिलिग्रॅम क्लोराइड असेल आणि १० मिली नमुना १०० मिलीपर्यंत वाढवायला तेच वापरलं, तर ३५ च्या जागी जवळजवळ ४० येतात.

> तपासा: परीक्षानळीत ५ मिली पाणी घ्या आणि सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणाचे दोन थेंब टाका. पाणी नितळ राहिलं तर वापरा. दुधाळ झालं, अगदी पुसट का होईना, तर ते पाणी या कामाचं नाही. नळाचं पाणी शेजारी ठेवून हीच चाचणी मुलांना दाखवा, फरक लगेच दिसतो.

द्रावणं अशी करा.

१. प्रमाण मीठ: सोडिअम क्लोराइड ११० अंश सेल्सिअसला तास-दोन तास वाळवा. ओव्हन नसेल तर चिनीमातीच्या थाळीत मंद आचेवर तडतड थांबेपर्यंत ठेवा आणि झाकण लावून थंड होऊ द्या. त्यातलं ०.७३ ग्रॅम २५० मिली पाण्यात विरघळवा. हे ०.०५ मोलर द्रावण झालं (मोलर म्हणजे एका लिटरमध्ये किती मोल पदार्थ आहे ते).

२. सिल्व्हर नायट्रेट: २.१२ ग्रॅम २५० मिली पाण्यात. हेही ०.०५ मोलर. तपकिरी बाटलीत, अंधारात ठेवा. हे रसायन महाग आहे, त्यामुळे जेवढं लागेल तेवढंच करा.

३. दर्शक (कुठे थांबायचं ते रंगानं दाखवणारं द्रावण): पोटॅशिअम क्रोमेट ५ ग्रॅम १०० मिली पाण्यात. गर्द पिवळं द्रावण होतं.

> इशारा: पोटॅशिअम क्रोमेट विषारी आहे आणि कर्करोगाला कारण ठरू शकतं. ते शिक्षकांनीच हातमोजे घालून हाताळावं, मुलांच्या हातात देऊ नये. सिल्व्हर नायट्रेट कातडीवर पडलं तर काळे डाग पडतात आणि ते आठवडाभर जात नाहीत. डोळ्यांना ते फार घातक आहे, चष्मा लावा.

टप्पा २: नमुना घेणं

जागा निवडताना एकच प्रश्न विचारा: इथे गोडं पाणी मिसळतंय का? कारवारला काळी नदी समुद्राला मिळते, पणजीला मांडवी. मांडवी म्हणजे आपली म्हादई, आपल्याच खानापूर तालुक्यात उगम पावलेली. पावसाळ्यात या मुखांजवळचं पाणी जवळजवळ गोडं असू शकतं. तिथली बाटली भरून 'अरबी समुद्राची क्षारता १२' असं लिहिलं, तर समुद्राच्या नावावर नदीचं पाणी खपवल्यासारखं होतं. मुखापासून दूर, उघड्या किनाऱ्यावर जा. ओहोळ येऊन मिळतो ती जागाही टाळा. खाडीतच घ्यायचं असेल तर भरतीला घ्या आणि वहीत तसं लिहा.

काळ उन्हाळ्याचा उत्तम. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडच्या खुल्या किनाऱ्यावर ३४ ते ३६ च्या आसपास आकडा अपेक्षित ठेवा. सहली बहुतेक डिसेंबर-जानेवारीत जातात, तेव्हा थोडा कमी आला तरी बिचकू नका.

बाटली पिण्याच्या पाण्याची, एक लिटरची, नवी घ्या. सरबताची, लोणच्याची, औषधाची बाटली कितीही धुतली तरी नको. गुडघाभर पाण्यात उभं राहून, लाट परतल्यावर, वाळू खवळलेली नसताना बाटली पाण्याखाली धरा. थोडं भरा, हलवा, ओता. असं तीन वेळा करून चौथ्यांदा गळ्यापर्यंत भरा आणि पाण्याखालीच झाकण लावा. झाकणावरून चिकटपट्टी गुंडाळा.

चिकटपट्टीचं कारण बसमध्ये कळतं. आंबोलीचा नाहीतर चोर्ल्याचा घाट चढून येईपर्यंत बाटली खिडकीच्या उन्हात तापते. झाकण ढिलं असेल तर वाफ जाते, पाणी कमी होतं आणि क्षार तेवढेच राहतात. पिशवी सीटखाली ठेवा.

बाटलीवर लगेच लिहा: ठिकाण, तारीख, वेळ, भरती की ओहोटी, पाण्याचं तापमान, आदल्या दोन दिवसांत पाऊस झाला का. 'नंतर लिहू' म्हटलेल्या तीन बाटल्या घरी आल्यावर सारख्याच दिसतात.

> इशारा: पाण्यात मोठ्या माणसानंच उतरायचं. पावसाळ्यात आणि समुद्र खवळलेला असताना नमुना घ्यायला जाऊच नका.

टप्पा ३: गाळणं आणि सामू

घरी आल्यावर आधी सामू (पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्क आहे ते सांगणारा आकडा), मग बाकी सगळं. क्लोराइड महिनाभर थांबेल, सामू थांबत नाही. पाण्यातले सूक्ष्म जीव श्वास घेत राहतात, कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि सामू उतरत जातो. समुद्राच्या पृष्ठभागाचा सामू ८.१ च्या आसपास असतो. दोन दिवस उबेत राहिलेल्या बाटलीत तो ७.७ दिसला तर समुद्र आम्लधर्मी झाला असं समजू नका.

सामूमापक असेल तर ७ आणि ९.२ च्या बफर द्रावणांनी (सामू ठरलेला असलेल्या द्रावणांनी) तो आधी जुळवून घ्या. कागदी पट्टीवर '८ च्या जवळ' एवढंच कळतं, आणि तेवढंच लिहा.

मग पाणी गाळण कागदातून गाळा. वाळूचा एकेक कण वजनात धरला जातो.

टप्पा ४: वजनानं अंदाज

ही पद्धत स्वस्त आहे, रसायन लागत नाही आणि पुढच्या टप्प्याचं उत्तर पडताळता येतं. घाईत असलेल्या शाळांनी निदान एवढी तरी करावी.

समुद्राचं पाणी, ऊर्ध्वपातित पाणी आणि फ्लास्क रात्रभर एकाच खोलीत ठेवा, म्हणजे तिन्हीचं तापमान एक होईल. सकाळी कोरडा १०० मिलीचा फ्लास्क तोला. ऊर्ध्वपातित पाणी रेघेपर्यंत भरून तोला. फ्लास्क रिकामा करून समुद्राच्या पाण्यानं तीन वेळा विसळा, रेघेपर्यंत भरा, बाहेरून पुसा, पुन्हा तोला.

समजा ऊर्ध्वपातित पाणी भरलं ९९.७० ग्रॅम आणि समुद्राचं १०२.३३ ग्रॅम. फरक २.६३. त्याला ९९.७० नं भागलं की ०.०२६४ येतात. आपल्या खोलीच्या तापमानाला, म्हणजे २५ ते ३० अंशांना, क्षारता हजारी १ नं वाढली की हे सापेक्ष वजन साधारण ०.०००७५ नं वाढतं. म्हणून ०.०२६४ ÷ ०.०००७५ = ३५.२.

चुका इथे दोनच होतात, पण दोन्ही मोठ्या. एक, मानेत अडकलेला बुडबुडा. फ्लास्क बोटानं हलके टिचकवून तो वर आणा. दुसरी, रेघ. पाण्याचा पृष्ठभाग मधे खोलगट असतो, त्याचा तळ रेघेला टेकला पाहिजे आणि डोळा रेघेच्या पातळीत हवा. तीन थेंब जास्त पडले तरी उत्तर दोननं चुकतं, कारण एक थेंब ०.०५ ग्रॅमचा असतो आणि आपला सगळा फरकच २.६३ ग्रॅमचा आहे.

> तपासा: तीन वेळा भरून तीन वजनं घ्या. ती एकमेकांपासून ०.०३ ग्रॅमच्या आत नसतील तर हात बसलेला नाही, पुन्हा करा.

टप्पा ५: क्लोराइडचं अनुमापन

आता मुख्य काम: अनुमापन, म्हणजे ताकद ठाऊक असलेलं द्रावण थोडं थोडं सोडून, किती लागलं त्यावरून क्लोराइड मोजणं. चांदीचा आयन क्लोराइडला भेटला की सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा अवक्षेप (न विरघळणारा गाळ) पडतो. पाण्यातलं क्लोराइड संपेपर्यंत चांदी क्रोमेटला हात लावत नाही. क्लोराइड संपलं की पुढचा थेंब क्रोमेटशी जुळतो आणि विटकरी रंग येतो. तो रंग म्हणजे आपला थांबा.

५.१ चांदीचं द्रावण पारखा. १० मिली प्रमाण मीठ शंकूपात्रात घ्या, २५ मिली ऊर्ध्वपातित पाणी आणि दर्शकाचे १० थेंब घाला. ब्युरेटमधून सिल्व्हर नायट्रेट सोडा. दोन्ही द्रावणं ०.०५ मोलर आहेत, म्हणून जवळपास १० मिली लागले पाहिजेत. ९.८ लागले तर तुमचं द्रावण ०.०५१ मोलर आहे, हाच खरा आकडा पुढे धरा. बाटलीवरच्या चिठ्ठीवर विसंबून हा टप्पा गाळणारे पुढे सगळंच चुकवतात.

५.२ कोरा प्रयोग करा. नुसतं ३५ मिली ऊर्ध्वपातित पाणी आणि दर्शक घेऊन रंग बदलायला किती द्रावण लागतं ते बघा. ०.०५ ते ०.१ मिली लागतं. हे प्रत्येक वाचनातून वजा करायचं, ५.१ मधल्यासुद्धा.

५.३ नमुना पातळ करा. पिपेटनं १० मिली गाळलेलं समुद्राचं पाणी १०० मिलीच्या फ्लास्कमध्ये घ्या आणि रेघेपर्यंत ऊर्ध्वपातित पाणी भरा. बूच लावून वीसेक वेळा उलटंसुलटं करा. न हलवता वरचंच पाणी उचललं की उत्तर वीस-पंचवीस येतं, मग मुलं समुद्राला दोष देतात.

पातळ न करताच अनुमापन केलं तर? दहा मिलीला या द्रावणाचे एकशे दहा मिलीच्या आसपास लागतील. ब्युरेट दोन-तीनदा भरावी लागेल, चांदी वाया जाईल आणि अवक्षेपाचा एवढा दाट गाळ होईल की रंग दिसणारच नाही.

५.४ अनुमापन. पातळ केलेल्यातलं १० मिली शंकूपात्रात घ्या, २५ मिली ऊर्ध्वपातित पाणी, दर्शकाचे १० थेंब. खाली पांढरा कागद ठेवा. पहिले नऊ-दहा मिली सलग सोडता येतात. शंकूपात्र एका हातानं फिरवत राहा. आतलं द्रावण हळदीच्या दुधासारखं दिसू लागतं. पुढे जिथे थेंब पडतो तिथे विटकरी रेघ उमटते आणि एका फेऱ्यात विरते. ती विरायला जास्त वेळ लागू लागला की थेंब-थेंब टाका. शेवटी एक थेंब असा पडतो की हळदीच्या दुधावर फिकट विटकरी झाक येते आणि तीस सेकंद हलवलं तरी जात नाही. थांबा. वाचन लिहा.

लालभडक होईपर्यंत थांबायचं नाही. मुलांना लाल हवं असतं, फोटोत छान दिसतं. पण तोवर अर्धा मिली जास्त गेलेला असतो आणि क्षारता दीडनं वाढलेली असते. कोऱ्या प्रयोगाचं पात्र शेजारी ठेवा आणि त्याच्या छटेशी जुळवा.

> तपासा: तीन वाचनं ०.१ मिलीच्या आत जुळली पाहिजेत. ०.१ मिलीचा फरक म्हणजे क्षारतेत ०.३ चा फरक. न जुळणारं वाचन सरासरीत घेऊ नका, आणखी एक करा.

> इशारा: शंकूपात्रातला गाळ मोरीत, गटारात, नाल्यात ओतू नका. त्यात चांदी आणि क्रोमेट दोन्ही आहेत. जुन्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये साठवा, चिठ्ठी लावा, आणि घातक कचरा रीतसर उचलणाऱ्या कॉलेजच्या प्रयोगशाळेकडे सोपवा.

टप्पा ६: हिशेब

समजा वाचन ११.३ मिली आलं, कोऱ्याचं ०.१ होतं. उरले ११.२ मिली.

०.०५ मोलर सिल्व्हर नायट्रेटचा एक मिली १.७७३ मिलिग्रॅम क्लोराइडबरोबर जुळतो. (तुमचं द्रावण ०.०५१ मोलर निघालं असेल तर १.८०८ धरा.)

११.२ × १.७७३ = १९.८६ मिलिग्रॅम.

आपण घेतलेल्या दहा मिलीत मूळ समुद्राचं पाणी एकच मिली होतं. म्हणजे मूळ पाण्यात लिटरला १९.८६ ग्रॅम क्लोराइड.

क्षारता किलोमागे असते, लिटरमागे नाही. एक लिटर समुद्राचं पाणी खोलीच्या तापमानाला साधारण १.०२३ किलो भरतं. म्हणून १९.८६ ÷ १.०२३ = १९.४१. ही पायरी बहुतेक जण विसरतात आणि त्यांचं उत्तर ०.८ नं जास्त येतं.

आता क्षारता = १.८०६५५ × १९.४१ = ३५.०७. वहीत ३५.१ लिहा. आपल्या काचसामानाला दशांशानंतर दोन आकडे लिहिण्याचा हक्क नाही.

चांदी ब्रोमाइडलाही पकडते, मग उत्तर वाढलं का, असा प्रश्न हुशार मुलं विचारतात. विचारलाच पाहिजे. १.८०६५५ हा गुणक ठरवताना ब्रोमाइडही क्लोराइड म्हणूनच मोजलेलं आहे, त्यामुळे वेगळी वजाबाकी करायची नाही.

बाकी आयन काढायला सुरुवातीच्या यादीतला आकडा घ्या, ३५ नं भागा आणि तुमच्या क्षारतेनं गुणा. क्षारता ३३ आली तर मॅग्नेशिअम १.२८ ÷ ३५ × ३३ = १.२१ ग्रॅम. हा हिशेब खाडीच्या जवळजवळ गोड्या पाण्याला लावू नका. नदीच्या पाण्यात कॅल्शिअम आणि बायकार्बोनेट वरचढ असतात, सोडिअम आणि क्लोराइड मागे. तिथे समुद्राचं प्रमाण मोडतं.

टप्पा ४ आणि ६ ची उत्तरं एकच्या आत जुळली तर काम चोख झालं. वजनाचं उत्तर बरोबर आणि अनुमापनाचं जास्त असेल तर पातळ करायचं पाणी आणि शेवटचा रंग तपासा. अनुमापनाचं कमी असेल तर फ्लास्क हलवला होता का आणि चांदीचं द्रावण पारखलं होतं का ते बघा. दोन्ही सारखीच जास्त असतील तर बाटली वाटेत आटली. दोन्ही सारखीच कमी असतील तर पाण्यात नदी मिसळलेली आहे, आणि ते उत्तर खरं आहे. ठिकाणासह तसंच मांडा.

टप्पा ७: आता आटवा, पण क्रम बघायला

उरलेल्या पाण्यातलं ५०० मिली घ्या. भांडं काचेचं किंवा चिनीमातीचं. ॲल्युमिनिअमच्या भांड्याला खारं पाणी खातं, लोखंडी गंजतं आणि मीठ तांबूस होतं. उन्हात ठेवलं तर उत्तम, मात्र एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळवाचं आभाळ भरतं, तेव्हा आत घ्या. स्टोव्हवर करायचं तर उकळू न देता. आणि उकळलंच, तर थर्मामीटर ९८ च्या आसपास दाखवेल. बेळगाव साधारण ७५० मीटर उंचीवर आहे, इथे साधं पाणीच ९७-९८ ला उकळतं.

बाहेरून भांड्यावर २५०, १०० आणि ५० मिलीच्या खुणा आधीच करून ठेवा.

पाणी निम्म्यावर येता येता बारीक पांढरी साय दिसते. ते कॅल्शिअम कार्बोनेट. ते अगदी थोडं असतं, दुर्लक्ष केलं तर सुटून जातं. थोडं खरवडून वाळवा आणि भिंगाखाली व्हिनेगरचा थेंब टाका, बुडबुडे दिसतील. गाळून पुढे चला. १०० मिलीच्या आसपास, म्हणजे पाचव्या हिश्श्यावर, कॅल्शिअम सल्फेट पडू लागतं. पुन्हा गाळा. ५० मिलीच्या जवळ, दहाव्या हिश्श्यावर, मीठ येतं आणि इथे घाई करू नका. मंद ठेवलं तर पृष्ठभागावर चौकोनी पापुद्रे तरंगू लागतात. भिंग लावून बघा: कडा सरळ, मधे पायऱ्यापायऱ्यांनी खोल गेलेला चौकोन, उलट्या धरलेल्या पिरॅमिडसारखा. जड झाला की तो तिरका होतो आणि बुडतो. शिरोड्याच्या मिठागरात जाल तेव्हा वाफ्याच्या कडेला असे पापुद्रे शोधा.

पाणी १५-२० मिली उरलं की थांबा आणि मीठ गाळून घ्या. उरलेलं दाट पाणी कडू असतं, मॅग्नेशिअमचं. गाळताना हे वेगळं केलं नाही तर मीठ कडसर लागतं आणि पावसाळ्यात पाझरतं. प्रयोगशाळेच्या भांड्यातलं काहीही चाखू मात्र नका.

ते कडू पाणी एका छोट्या थाळीत घेऊन मंद आचेवर कोरडं करा, थंड होताच तोला आणि उघडंच ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी आणि दुपारी पुन्हा तोला, तिन्ही वजनं वेळेसह वहीत लिहा. प्रदर्शनात ही थाळी काट्यावरच ठेवा.